नंबर ठेवून गेलेला चोर

१

त्या पत्राला उत्तर द्यायचं राहून गेलं, असं युखिम साविच स्वतःला सांगत असत. पण राहून जातं ते दुकानातून मीठ आणायचं. पत्राचं उत्तर आपण देत नाही, इतकंच. हे त्यांना कळत होतं, आणि कळत होतं म्हणूनच ते पत्र नजरेआड ठेवलं जाई: कधी या पुस्तकात खूण म्हणून, कधी त्या.

पत्र दोन वर्षांपूर्वीचं. उत्तरेकडच्या एका देशातल्या मोठ्या संग्रहालयातून, सिग्ने होल्म नावाच्या बाईंनी पाठवलेलं. ‘आमच्याकडे एक रुश्निक आहे. जवळजवळ नव्वद वर्षं त्याच्याखाली एकच पाटी आहे: शेतकऱ्यांचं कापड, दक्षिण रशिया, करणारी अज्ञात. मला वाटतं ही पाटी खोटी आहे. तुमच्या भागातल्या भरतकामाच्या टाक्यांवर तुम्ही पुस्तक लिहिलं आहे. सहीनिशी एक पान लिहून दिलंत, तर मी ती बदलून घेऊ शकेन.’ सोबत फोटो होता.

फोटो पाहताक्षणी त्यांनी ओळखलं होतं. लग्नाला नि मरणाला लागणारं, जवसाच्या धाग्याचं लांब पांढरं कापड, दोन्ही टोकांना लाल भरतकाम, कुंडीतून वर गेलेलं झाड, आणि त्या झाडाचं उजवीकडचं सगळ्यात वरचं फूल रिकामं. नुसती कड, आत एक टाका नाही. अगदी असाच रुश्निक द्निप्रो नदीकाठच्या त्यांच्या गावच्या संग्रहालयात होता. फक्त त्यात डावीकडचं फूल रिकामं होतं. लग्नासाठी केलेली जोडी. एकाच हाताची.

ओळखलं, आणि पाठोपाठ शंका आली. नदीपलीकडच्या गावांतही कुणी असंच फूल सोडत असेल तर? आपण सही करायची आणि उद्या कुणी हसायचं? आणखी एक पुस्तक पाहू, मग लिहू. त्या एका पुस्तकाची पुढे चाळीस पुस्तकं झाली.

संग्रहालयातला नोंदणी सांभाळणारा पोरगा, लेव्को पेरेहुदा, दर आठवड्याला विचारायचा, “साविच, पाठवलंत?”

“पुढच्या आठवड्यात नक्की.”

“तुमचा पुढचा आठवडा कॅलेंडरवाले छापत नाहीत वाटतं,” असं म्हणून तो हसायचा.

हिवाळ्यात लेव्को आघाडीवर गेला. उन्हाळा सरता सरता त्याला परत आणून गावच्या दफनभूमीत पुरलं. तेव्हापासून युखिम साविचनी ते पुस्तक उघडलंच नव्हतं.

सप्टेंबरातल्या एका सकाळी दारावर थाप पडली. संग्रहालयाचा किंद्रात नावाचा पहारेकरी धापा टाकत उभा होता.

“साविच, टोपी घाला आणि चला. रुश्निक गेला.”

“कुठला?”

“तुमचा तो, रिकाम्या फुलाचा. आणि ऐका, संचालकबाईंनी पोलिसांना बोलवायचं सोडून तुम्हाला बोलावलंय. का ते मला विचारू नका.”

२

भांडाराच्या मधोमध लाकडी खोकं उघडं पडलं होतं. आत मऊ पांढरा कागद, आणि कागदात काही नाही.

संचालकबाई, झोर्याना पेत्रिव्ना, खोक्यापाशी काठी गिळल्यासारख्या ताठ उभ्या होत्या. वीस वर्षं त्या या खुर्चीवर होत्या; वरून मंजुरी आल्याशिवाय त्यांनी खिडकीचा पडदाही बदलला नसता. त्यांच्या शेजारी राजधानीतून आलेला यारेमा, तिशीचा, दाढीवाला. हा रुश्निक उत्तरेकडच्या त्याच संग्रहालयात प्रदर्शनासाठी न्यायला तो सोमवारीच आला होता. तिथल्या रुश्निकशेजारी तो टांगायचा, म्हणजे दोन्ही एकाच घरचे आहेत हे आंधळ्यालाही दिसेल. ही कल्पना लेव्कोची, अर्जही त्यानंच केलेला. मंजुरी यायला मात्र त्याच्या आयुष्यापेक्षा जास्त वेळ लागला.

“पान युखिम,” यारेमा म्हणाला. वडिलांचं नाव जोडून हाक मारणं ही रशियन साम्राज्यानं लावलेली सवय, असं त्याचं मत होतं, म्हणून तो सगळ्यांना ‘पान’, म्हणजे ‘श्रीयुत’, म्हणे. युखिम साविचना ते पटतही असे आणि आपले वडील साव्वा आठवून थोडं वाईटही वाटे. “पान युखिम, गाडी संध्याकाळी निघते. त्यांच्या नव्या दालनाच्या पाट्या शुक्रवारी छापायला जातायत. हा रुश्निक तिथे नसेल, तर ‘दक्षिण रशिया’ पुढची नव्वद वर्षं तिथेच राहील. तुम्हाला कळतंय ना?”

कळत होतं. त्यांना ते तिथल्या कुणाहीपेक्षा जास्त कळत होतं.

“सिग्ने होल्म बाईंना सांगून पाहिलं तर...” ते चाचरत म्हणाले.

“त्या वसंतात निवृत्त झाल्या. त्यांच्या जागी जो आलाय त्याला आपल्या नदीचं नावही माहीत नाही.”

युखिम साविचनी मान खाली घातली, आणि ती खाली गेली म्हणूनच त्यांना ते दिसलं. खोक्याच्या तळाशी, कागदाच्या घडीत, बोटभर लांबीची सुती पट्टी पडली होती. पट्टीवर काळ्या शाईत संग्रहालयाचा नंबर. प्रत्येक कापडाच्या उलट्या बाजूला अशी पट्टी शिवलेली असते.

त्यांनी ती चष्म्याजवळ धरली. कडा शाबूत होत्या. कुणी ओढून फाडली नव्हती. एकेक टाका उसवून काढली होती.

“चोर नंबर काढणारच,” झोर्याना पेत्रिव्ना म्हणाल्या. “नंबरासकट माल कोण विकत घेईल?”

“हो, हो. बरोबर आहे,” युखिम साविच घाईनं म्हणाले. पण पट्टी त्यांनी खिशात टाकली. विकणारा चोर आधी पळेल, नंबर घरी जाऊन काढेल. हा इथेच शांतपणे बसून टाके उसवत होता. आणि नंबर मागे ठेवून गेला, जणू एवढंच काय ते तुमचं, घ्या परत.

कुलूप तोडलेलं नव्हतं. किल्ल्या तीन: बाईंची, किंद्रातची आणि सोमवारपासून यारेमाकडे दिलेली.

“संध्याकाळपर्यंत थांबतो,” यारेमा म्हणाला. “मग मी पोलिसांना फोन करणार. युद्धकाळात चोरी म्हणजे काय शिक्षा आहे ते सगळ्यांना माहीत असेल.” आणि त्यानं सरळ किंद्रातकडे पाहिलं.

३

“मी चोर?” किंद्रातनं पहाऱ्याच्या खोलीत स्टुलावर बसकण मारली. “बाजारात मी लिननच्या चादरी विकल्या, त्या या दाढीवाल्यानं पाहिल्या म्हणे. माझ्या बायकोच्या हुंड्यातल्या चादरी आहेत त्या! तीच म्हणाली, विक, सरपण आण. आता काय, बायकोलाही नंबर शिवून ठेवू?”

“तसं नाही हो किंद्रात. मला फक्त... काल-परवा काही वेगळं दिसलं का?”

“दिसायला वीज लागते, साविच.” किंद्रातनं पावावर मिठात मुरवलेल्या डुकराच्या चरबीचा काप ठेवून अर्धा त्यांच्याकडे सरकवला. “चोराचं म्हणाल तर या घरात भुरटे चोर फार झालेत. माझा चहाचा ग्लास गेला. चांगला जाड काचेचा. कुणाच्या डोळ्यात आला देव जाणे.”

“कधी?”

“झाले काही दिवस. आणि वर ती पोरं! मागच्या अंगणाकडच्या खिडकीची प्लायवूडची फळी कुणीतरी काढतंय. स्फोटात काच फुटली तेव्हा मीच ठोकली होती. मी ठोकायची आणि सकाळी बघावं तर खाली, भिंतीला नीट टेकवून ठेवलेली. तीनदा झालं. परवा तर ठोकायचं सोडूनच दिलं. म्हटलं, येऊ दे पाऊस आत.”

“आत कोण असतं?”

“कोण असणार?” किंद्रातचा आवाज एकदम खाली आला. “लेव्कोची खोली ती.”

दोघंही जरा वेळ पाव चावत राहिले. लेव्को अनाथालयात वाढलेला. नोकरी लागली तेव्हा त्याच्याकडे एक पिशवी होती आणि घर नव्हतं. वरच्या मजल्यावरच्या त्या अरुंद खोलीत घडीची खाट टाकायला बाईंनी परवानगी दिली होती; नियमाबाहेर जाऊन त्यांनी केलेली ती एकमेव गोष्ट असावी.

“जाण्याआधी दोघांचं वाजलं होतं, ठाऊक आहे ना?” किंद्रात म्हणाला. “त्यानं रुश्निकखालची पाटी स्वतःच बदलली. ‘अज्ञात शेतकरीण’ काढून ‘यावदोखा पेरेहुदा, गाव वेर्बीव्का’. धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या त्या गावातल्या म्हाताऱ्यांना शोधून शोधून विचारलं होतं पोरानं. त्यांनीच सांगितलं, अरे, तू तर पेरेहुदांचा, ही तुझी पणजी. एक रुश्निक घर लुटणाऱ्यांनी उचलून नेला, तो इथे आला. दुसरा भुकेच्या साली पिशवीभर पिठाच्या बदल्यात गेला, तोच आता परदेशात आहे.”

“आणि बाई?”

“बाईंनी मंजुरी नसल्याचं कारण देऊन पाटी काढायला लावली. लेखी ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी तो आघाडीवर गेला.” किंद्रातनं हात झटकले. “ताकीद अजून त्याच्या फायलीत आहे. फायलीतला माणूस मात्र नाही.”

४

यारेमा खालच्या दालनात फेऱ्या मारत होता.

“तुम्हाला वाटतंय मीच लपवला,” युखिम साविचनी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला. “वाटू दे. मी जाहीरपणे बोललोय की त्यांनी आधी पाटी उतरवावी, मग आपण आपली वस्तू पाठवावी. पुरावा घेऊन त्यांच्या दारात आपण का उभं राहायचं? आपली आई कोण हे शेजाऱ्याला का सिद्ध करून दाखवायचं?”

“बरोबर आहे.”

“तुम्ही प्रत्येकालाच बरोबर म्हणता का हो?”

युखिम साविच लाजले. “बहुतेक. सवय आहे.”

यारेमाला त्यांची दया आली असावी. तो बाकावर बसला. “ती पट्टी पाहिलीत ना? मी असतो तर जीव गेला तरी नंबर काढला नसता. नंबर गेला की वस्तू जगातून गेली. उद्या सापडली तरी आपली म्हणून सांगता येत नाही. आपलं किती असं गेलं! नंबर नव्हता, नाव नव्हतं, म्हणून ज्यानं उचललं त्याचं झालं.”

तो मनापासून बोलत होता. ज्याला नंबराची एवढी किंमत, तो टाके उसवत बसणार नाही.

“लेव्कोची खोली पाहिलीत तुम्ही?” युखिम साविचनी विचारलं.

“कोण लेव्को? अर्जावर सही आहे तो? तो इथे राहायचा?”

तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम ओरडू लागले. हवाई हल्ल्याचा इशारा. सगळे तळघराकडे निघाले. युखिम साविचही निघाले, दोन पायऱ्या उतरले आणि थांबले. पुढे सगळे होते: किंद्रात, यारेमा, तिकीट विकणारी बाई. झोर्याना पेत्रिव्ना नव्हत्या. नियमाचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणाऱ्या झोर्याना पेत्रिव्ना इशाऱ्याला खाली आल्या नव्हत्या.

आणि तेव्हा त्यांना किंद्रातचा हरवलेला ग्लास आठवला. चहासाठी नव्हे, पाण्यासाठी नेलेला.

ते वळले आणि कठडा धरून वर चढू लागले.

५

खोलीत ऊन होतं. फळी खाली उतरवलेली होती आणि फुटक्या काचेच्या रिकाम्या चौकटीत, बाहेरच्या बाजूला, रुश्निक टांगला होता. लाल झाड वाऱ्यावर हलत होतं. आतल्या कठड्यावर किंद्रातचा जाड काचेचा ग्लास, काठोकाठ पाण्यानं भरलेला, आणि त्यावर पावाचा तुकडा.

झोर्याना पेत्रिव्ना घडीच्या खाटेवर बसल्या होत्या.

“खाली चला,” युखिम साविच म्हणाले. “इशारा झालाय.”

“तुम्ही वर का आलात?”

ते दारातच उभे राहिले. दुसऱ्याच्या घरात चुकून शिरल्यासारखं त्यांना वाटत होतं. “मी चुकतही असेन... किंद्रात फळी लावत होता, म्हणजे काढणारा तो नाही. यारेमाला ही खोलीच माहीत नाही. आणि ग्लास. चोर ग्लास नेऊन काय करील? आमच्या आईनंही वडील गेले तेव्हा खिडकीत पाणी ठेवलं होतं. चाळीस दिवस आत्मा घरी येतो, पाणी पितो, तोंड धुतो, रुश्निकला पुसतो. दर सकाळी ती पाणी बदलायची.” ते थांबले. “नंबर का काढला, तेही मग समजलं. घरातल्या माणसाला नंबर शिवलेला रुश्निक कसा द्यायचा?”

झोर्याना पेत्रिव्ना खिडकीकडे बघत राहिल्या.

“पहिल्यांदा मी दुसराच रुश्निक टांगला होता. माझ्या घरचा. किंद्रात फळी ठोकायला यायचा तेव्हा तो आणि ग्लास उचलून ठेवायचे,” त्या म्हणाल्या. “मग सोमवारी यारेमा खोकं घेऊन आला. मनात आलं, लेव्कोचा स्वतःचा, पणजीच्या हातचा इथे दोन जिन्यांखाली पडलाय, आणि मी त्याला परक्याच्या रुश्निकला तोंड पुसायला लावतेय. त्याचं दुसरं घर कुठे होतं? वेर्बीव्का तर पाण्याखाली आहे. आत्मा येणार तो इथेच.” त्यांनी नाक पुसलं. “मी त्याला ताकीद दिली, युखिम साविच. खरं नाव लिहिलं म्हणून.”

“तुम्ही मला का बोलावलंत?” त्यांनी हळूच विचारलं. “पोलिसांना बोलावलं नाहीत, ते ठीक. पण मला का?”

झोर्याना पेत्रिव्नांनी प्रथमच त्यांच्याकडे पाहिलं, आणि ते पाहणं क्रूर नव्हतं, म्हणूनच जास्त लागलं.

“कारण तुम्ही कधी काही ठरवत नाही. मला वाटलं, हे पुस्तकं उघडतील, शक्यता मोजतील, बरोबर आहे बरोबर आहे म्हणतील आणि तोवर चाळीस दिवस भरतील.”

खाली कुठेतरी दूर एक गडगडाट झाला. ग्लासातलं पाणी थरथरलं आणि शांत झालं.

“दिवस पुढच्या आठवड्यात भरतात,” त्या उठत म्हणाल्या. “पण गाडी आज आहे. तुम्ही शोधलंत, संपलं. काढते मी. तुम्ही म्हणाल तसं.”

त्यांनी हात वर नेला आणि तो चौकटीपाशी थांबवला. त्या वाट पाहत होत्या. संपूर्ण आयुष्यात युखिम साविचच्या तोंडाकडे असं कुणी पाहिलं नव्हतं. नाही, पाहिलं होतं. एका पोरानं, दर आठवड्याला.

“काढू नका,” ते म्हणाले.

६

इशारा उठल्यावर त्यांनी यारेमाला वर आणलं. काही समजावून सांगितलं नाही. यारेमाही याच मातीतला होता. खिडकी, पाणी आणि पाव पाहून त्यानं टोपी काढली.

“आमची आजी चेर्निहिवकडे अजून टांगते,” तो म्हणाला. मग कळवळून, “पण पान युखिम, पाटीचं काय? शेजारी हा नसेल, तर ते बदलणार नाहीत. लेव्कोनं एवढं केलं ते याच्याचसाठी ना? तो आला असता तर म्हणाला असता, न्या!”

“म्हणाला असता,” युखिम साविच म्हणाले. “तोही बरोबर असता. पण हा जाणार नाही. तुम्ही कागदावर कारण लिहा: वस्तू वापरात आहे.”

यारेमाच्या तोंडून हसू निघालं आणि अर्ध्यातच मोडलं. “संग्रहालयाच्या कागदावर असं कारण आजवर कुणी लिहिलं नसेल.”

“पाटीसाठी मी लिहून देतो. सहीनिशी.”

“तुम्हाला खात्री आहे? ते शंका काढतील. नदीपलीकडच्या गावांत असा टाका नसेलच कशावरून, असं विचारतील.”

हीच ती शंका. दोन वर्षं त्यांनी तिला पुस्तकांत घालून सांभाळली होती. आता ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना किती लहान वाटत होती. खिडकीतल्या रुश्निकवर ऊन पडलं होतं आणि ऊन कापडातून आरपार येत होतं. रिकाम्या फुलाच्या कडेमागे आकाश दिसत होतं.

“आहे,” ते म्हणाले. “पहिल्या दिवसापासून होती.”

हे म्हणताना त्यांना आनंद झाला नाही. दोन वर्षांपूर्वी हाच एक शब्द लिहिला असता, तर पाटी बदलली असती, लेव्कोनं ती बदललेली पाहिली असती, अर्जाची गरज नसती, खोकं आलं नसतं. सिग्ने होल्म बाईही आपल्या खुर्चीवर असतानाच ते पान हातात घेऊन उठल्या असत्या. आता ते पान अनोळखी माणसाच्या टेबलावर जाणार. तो वाचेलही, किंवा पुस्तकात खूण म्हणून घालील.

पान लिहून झालं की त्याचा फोटो काढून पुढे पाठवायची यारेमानं तयारी दाखवली. “पाठवा, शुक्रवारच्या आत पोचायला हवं,” युखिम साविच म्हणाले. “पण मूळ पान मी टपालानं पाठवीन. ज्यांनी विचारलं होतं त्यांच्या नावानं.”

घरी जाऊन त्यांनी पत्र लिहिलं. एका पानात बसलं. ‘आदरणीय सिग्ने होल्म, तुमच्याकडचा रुश्निक द्निप्रोकाठच्या वेर्बीव्का या गावचा आहे. तो यावदोखा पेरेहुदा यांनी आपल्या लग्नासाठी भरला. याबाबत मला कोणतीही शंका नाही. त्याची जोडी आमच्याकडे आहे, पण सध्या पाठवता येत नाही, कारण ती यावदोखांच्या पणतूच्या वापरात आहे. त्याचं नाव लेव्को. हे उत्तर त्यानं अनेकदा मागितलं होतं. उशिराबद्दल क्षमा मागण्याचा मला हक्क नाही.’

सही केली. सहीखाली नेहमीप्रमाणे ‘चूकभूल असल्यास कळवावे’ लिहायला हात गेला, तो त्यांनी आवरला.

टपालकचेरीत वीज नव्हती. खिडकीतली मुलगी मोबाइलच्या उजेडात पाकीट वजन करत होती.

“परदेशी? वेळ लागेल हं, आजोबा. आजकाल कधी पोचेल सांगता येत नाही.”

“चालेल.”

“नोंदणी करू?”

“करा.”

तिनं तिकिटं चिकटवली आणि पत्ता पुन्हा वाचला. युखिम साविच काचेला हात टेकून उभे होते. मागे रांगेतली बाई खाकरली.

“आणखी काही?” मुलीनं विचारलं. “परत हवंय का? काही लिहायचं राहिलं?”

“नाही,” ते म्हणाले. “राहिलं नाही.”

तिनं शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं.